विमानाच्या नाकातली तार

ज्या माणसाच्या हातचा मार मी तेरा वर्षं खाल्ला, त्याचा जीव हवेत ज्या नटांवर टिकायचा होता, ते मी माझ्या हाताने तारेने बांधत होते. एक जरी तार चुकली तर वर गेल्यावर इंजिनाच्या थरथरीने नट सुटणार, पेट्रोल सांडणार, आणि वरून खाली यायला दुसरा रस्ता नाही. ही गोष्ट मला त्या माणसानेच सांगितली होती, पक्कड दातांत धरून, अगदी शांतपणे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं कधीच नव्हतं.

नवऱ्याचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, कागदावरही घेत नाही. 'हे' म्हणते.

माझं माहेर आमच्या ह्या उसाच्या बेटावर, बों अक्योय गावी. चारी बाजूंनी ऊस. चौथी झाली आणि मला घरी बसवलं, धाकट्या भावंडांना सांभाळायला. मराठी शिकले ती बापाच्या हाताखाली. तो संध्याकाळी गावच्या बैठकेत, म्हणजे मराठीच्या शाळेत, मुलांना अक्षरं गिरवायला लावे आणि मी मागे बसून गिरवत असे. सोळाव्या वर्षी लग्न होऊन व्हाकोआला आले. हे बसगाड्यांच्या गॅरेजात मेकॅनिक. लढाईच्या काळात, अगदी कोवळ्या वयात, त्यांनी दक्षिणेकडे गोऱ्या नौदलाच्या विमानतळावर हमाली केली होती. अवजारांच्या पेट्या उचलता उचलता विमानांची पोटं उघडी पाहिली, आणि ते वेड डोक्यात जे शिरलं ते शिरलंच.

मारण्याला कारण लागत नसे. हातात असेल त्याने मारत. पाना असेल तर पान्याने, चप्पल असेल तर चपलेने, काही नसेल तर हाताची उलटी बाजू. मारून झालं की हात पुसत, जसं ग्रीस लागलं असावं. सासूबाई म्हणत, "तू तोंड चालवत नाहीस गो, तेच त्याला खुपतं. दोन शब्द बोललीस तर राग तिथंच फुटेल." मी बोलले असते तर बोलल्याबद्दल खाल्ला असता. मला मूल झालं नाही, त्याबद्दलही मीच खात होते.

मोठं वादळ येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षी विमानाचं काम सुरू झालं. वादळात आमचं जुनं लाकडी घर आडवं झालं होतं. त्याच्या फळ्या आणि पत्रे जोडून ह्यांनी मागच्या अंगाला एक लांबट शेड उभी केली. आम्ही राहायला दोन खोल्यांत आणि विमान शेडमध्ये ऐसपैस. त्याच वादळात एका साहेबाच्या कासवासारख्या जर्मन मोटारीवर झाड पडलं होतं. मोटारीचा चेंदा झाला पण इंजिन मागच्या बाजूला होतं ते वाचलं. ते इंजिन ह्यांनी आणलं. विमानाचे नकाशे फ्रान्सहून मागवले, एका नळकांड्यात गुंडाळून आले. नकाशे फ्रेंचमध्ये, ते वाचायचं काम थोरल्या दिरांचं. ते शाळेत मास्तर होते, बायको वारलेली, रोज शाळा सुटली की सायकलवरून यायचे, शेडमध्ये बाकावर बसून एकेक ओळ वाचून सांगायचे.

थोरल्या दिरांशी आमच्यात सुनेने बोलायचं नाही. डोक्यावर पदर, नजर खाली. कोकणातून ह्या बेटावर उसाच्या कामाला आलेल्या आमच्या लोकांत ही रीत मुळात एवढी कडक होती की नाही कोण जाणे, पण शेजारपाजारच्या भोजपुरी बायकांचं पाहून आमच्यात ती जास्तच आवळली गेली. मग काही सांगायचं झालं तर मी कोंबडीला सांगायची. "कोंबडे, चहा निवतोय म्हणावं." ते पण तिकडे पाहूनच बोलत, "कोंबडे, साखर जरा जास्तच झालीये, म्हणावं." कोंबडी नसली तर दाराच्या चौकटीला सांगायचं, नाहीतर केरसुणीला. बारा-तेरा वर्षांत एक शब्द सरळ बोलले नव्हते. त्यात मला काही कमी वाटत नसे. उलट बरं वाटे. माणसाकडे पाहून बोलणं मला तसंही जमत नाही.

दोन वर्षांत पंख झाले, कापड चढलं, शेपूट झालं. मग नाकाचं काम आलं. नाक म्हणजे इंजिन बसतं तो पुढचा भाग. बसायची जागा आणि इंजिन यांच्या मधे पत्र्याची एक भिंत असते, तिला हे आगीची भिंत म्हणत. दोन पातळ पत्रे, मधे न जळणारं पांढरं पुठ्ठ्यासारखं काहीतरी. भिंतीला लोखंडी नळ्यांची चौकट, चौकटीवर इंजिन. भिंतीला भोकं पाडून त्यातून पेट्रोलची नळी, वेग कमी-जास्त करायची केबल, तेलाच्या घड्याळाची नळी अशा सगळ्या गोष्टी पुढे न्यायच्या. इंजिनाच्या चार डोक्यांभोवती पत्र्याची आवरणं, म्हणजे समोरचा वारा इकडेतिकडे न पळता नेमका त्यांच्यावरून जावा. एवढं सगळं एका लहानशा जागेत. ह्यांचा पंजा मोठा. मनगटापर्यंत जाई आणि पुढे अडके. हाताची सालं निघत, आणि प्रत्येक सालाबरोबर मला शिवी पडे.

एक दिवस मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "हात दाखव."

मला वाटलं मारणार. मी हात पुढे केला.

त्यांनी माझं मनगट दोन बोटांनी मापलं. "जाईल," दिरांना म्हणाले. "दादा, हिचा जाईल."

असा माझा हात विमानाच्या नाकात गेला.

बोल्टच्या डोक्यांना ह्यांनी बारीक भोकं पाडली होती. त्या भोकातून तार ओवायची, दोन्ही टोकं एकमेकांत पिळायची, आणि पीळ शेजारच्या बोल्टपर्यंत नेऊन त्याच्या भोकातून बांधायचा. पण कशीही बांधून चालत नाही. तार अशा बाजूने ओढलेली पाहिजे की एक बोल्ट सैल व्हायला गेला तर तो दुसऱ्याला आवळेल. म्हणजे दोघांनाही हलता येत नाही. पीळ घट्ट आणि एकसारखा पाहिजे, पण फार नाही, नाहीतर तार तिथेच तुटते. मला उसाच्या वाढ्यांचे, शेंड्यांच्या पाल्याचे, भारे बांधायची लहानपणापासून सवय. वाढ्याचंच बंधन करून त्याला पीळ द्यायचा, तो पीळ किती सोसेल ते बोटाला कळतं. तारेचंही तसंच आहे.

पहिल्या दिवशी दोन तारा उलट्या बाजूने ओढल्या. ह्यांनी त्या कापल्या, माझा हात बाहेर काढला आणि पान्याने पेरांवर मारलं. "आता कळेल कुठल्या बाजूला ते." खरंच कळलं. पुढे माझ्याकडून बाजू चुकली नाही. सुजलेल्या पेरांनी मी त्या दिवशी आठ बोल्ट बांधले. ह्यांनी प्रत्येक पीळ नखाने तपासला, आणि दिरांना म्हणाले, "मशीननं केल्यासारखं आहे." मला नाही म्हणाले, दिरांना म्हणाले. तरी ते मी ऐकलं आणि मला आवडलं, तेही लिहून ठेवते.

पुढचे तीन-चार महिने दुपारचं जेवण झालं की मी शेडमध्ये असे. मार थांबला नव्हता. उलट आता जवळ होते म्हणून जास्त पडत होता. नळी एका बाजूने चौकटीला घासतेय असं मी दाखवलं तर कानाखाली बसली, आणि मग त्यांनी नळीला रबराची खोळ चढवली. डोकं आत आणि पाय बाहेर अशी मी वाकलेली असायची, मागून लाथ यायची, कपाळ आगीच्या भिंतीवर आपटायचं. पांढऱ्या पुठ्ठ्याची भुकटी केसांत बसायची. नाकाच्या आत तेलाचा वास, पत्र्याचा वास आणि माझ्या ओठाच्या रक्ताची चव. काम कसं करायचं ते मला त्या वासातच कळत गेलं.

शेजारची भोजपुरी बाई कुंपणावरून हसायची, "ए दुलहिन, तोहार मरद त चिरई बन जाई!" तुझा नवरा पाखरू होणार. आणि तिचा म्हातारा म्हणायचा, "उडालं तर आमच्या छपरावर नको, एवढं सांग त्याला."

एकदा कान बधिर झाला होता. दोन दिवस त्यात शिट्टी वाजत होती. तशात इंजिनाच्या चौकटीचे मागचे चार बोल्ट बांधायला मी आत हात घातला. त्यातले आतले दोन बोल्ट कुणालाच दिसत नाहीत. इंजिन बसल्यावर तर आरसा धरूनही दिसत नाहीत. मनात आलं, एक सोड. नुसती गुंडाळून ठेव, पीळ देऊ नकोस. कुणाला कळणार. वर गेल्यावर काय झालं ते वरच राहील. आलं मनात. आलं ते लिहिते. मी तार हातात धरून बराच वेळ तशीच वाकून राहिले. बाहेरून ह्यांनी ओरडून विचारलं, "झोपलीस का आत?" आणि मी पीळ दिला. पुण्य म्हणून नाही. नवरा म्हणून नाही. माझ्या बोटांना खोटा पीळ येईना, एवढंच. दिला तो घट्ट बसला, आणि बसला की हाताला बरं वाटलं.

पत्र्याची आवरणं करायला शेजारच्या फिनिक्स गावाहून एक म्हातारा क्रिओल पत्रेवाला यायचा. गंमत्या माणूस. डोक्यावर फाटकी टोपी, तोंडात विझलेली सिगरेट. तो मला मादाम म्हणायचा आणि मी पदर आणखी पुढे ओढायची. एका दुपारी त्याने नाकात डोकावून माझे पीळ पाहिले, बोटाने एकेक चाचपले. मग बाहेर येऊन टोपी काढली आणि म्हणाला, "मादाम, ऊ लामें बों." तुमचा हात चांगला आहे. ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "पात्रों, मालक, एक सांगू? विमान तू बनवलंस, पण उडवणार ही."

दीर हसले. मीसुद्धा पदराआड हसले असेन. ह्यांनी ते पाहिलं.

पत्रेवाला गेला. दीर सायकल घेऊन गेले. ह्यांनी शेडचं दार लोटलं आणि म्हणाले, "ये. हात चांगला आहे ना तुझा. बघू दे." कामाच्या टेबलाला लोखंडी शिकंजा बसवलेला होता, पत्रे धरायचा. त्यांनी माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट त्यात ठेवलं. मी ओढलं नाही. ओढून काय उपयोग, मनगट त्यांच्या हातात होतं. दांडा त्यांनी एकदाच फिरवला.

मला आवाज आठवतो, दुखणं आठवत नाही. मग मी खाली बसले होते आणि सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, आता उद्याचं काम कोण करणार?"

तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं असावं. चेहरा उतरला. पंखाचं उरलेलं कापड होतं, त्याची पट्टी फाडून त्यांनी स्वतः माझं बोट बांधलं, दोन काड्या लावून, अगदी नीट. त्यांना सगळं नीट बांधता यायचं, फक्त त्यांचा पंजा नाकात जात नव्हता.

एकच नट राहिला होता. पेट्रोलची नळी भिंतीतून पुढे येते, तिथे एक काचेची वाटी असते, कचरा खाली बसायला. त्या वाटीला जोडणाऱ्या नळीचा नट. तो जागेने जरा पुढे होता, त्यांचा हात कसाबसा पोचत होता. त्यांनी बोट बरं व्हायची वाट पाहिली नाही. चाचणीचा रविवार ठरला होता, लोकांना सांगून झालं होतं. मी डाव्या हाताने आरसा धरून उभी राहिले, दारातलं ऊन आत पाडायला. ह्यांनी नट आवळला. पण आवळल्यावर नटाचं भोक अशा जागी गेलं की तार ओवता येईना. अशा वेळी नट काढून खाली दुसरी चकती घालायची असते, किंवा सोसत असेल तर आणखी थोडा आवळायचा. कधीही मागे फिरवायचा नाही. त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी तो मागे फिरवला. थोडासाच. भोक समोर आलं, तार गेली, आणि ती त्यांनी घाईत अशा बाजूने पिळली की नट सुटला तर तार त्याला अडवणार नाही, उलट वाट देईल. आरशात मला ते स्वच्छ दिसलं.

मी म्हटलं, "तो नट..."

आरसा माझ्या हातातून गेला आणि माझ्या तोंडावर फुटला. "तू शिकवणार मला? तू?"

तिथून रविवारपर्यंत चार दिवस होते. चार दिवस तो नट माझ्या डोळ्यांपुढे होता. भात उपसताना, भांडी घासताना. सासूबाईंना सांगावं तर त्यांना नट कशाशी खातात ते माहीत नाही. ह्यांना दुसऱ्यांदा सांगायची माझी छाती नव्हती. शेडला कुलूप होतं. दीर त्या आठवड्यात आले नाहीत, शाळेत परीक्षा होत्या.

रविवारी विमान शेडबाहेर ढकलून मागच्या मोकळ्या जागेत आणलं. शेपूट दोराने आंब्याच्या झाडाला बांधलं, चाकांपुढे दगड लावले. त्या दिवशी उडायचं नव्हतं, नुसतं इंजिन चालवून पाहायचं होतं. तरी निम्मी गल्ली जमली होती. सासूबाईंनी नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. हे कोट घालून आत बसले, पट्टा बांधला. नाकापुढचा पंखा हाताने फिरवायला पुढे दीर उभे राहिले, शर्टाच्या बाह्या वर करून.

आता सांगायलाच हवं होतं. दीर माझ्यापासून चार पावलांवर होते. मी पुढे गेले. पदर नाकापर्यंत. आजूबाजूला कोंबडी नाही, चौकट नाही. समोर आंबा होता. मी आंब्याला सांगितलं. "झाडा, पेट्रोलच्या वाटीचा नट मागे फिरलाय, म्हणावं. चालू करू नका, म्हणावं."

दिरांनी त्याच क्षणी पंखा ओढला. इंजिन एकदम धडाडलं. पहिल्याच ओढीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायका किंचाळून मागे सरल्या. माझ्या पदराला वाऱ्याने मागे ओढलं. मी परत तेच म्हटलं, झाडालाच म्हटलं, आणि माझं मलासुद्धा ऐकू आलं नाही.

पुढे दीर सासूबाईंजवळ म्हणाले, "मी पाहिलं तिचे ओठ हलताना. वाटलं, देवाचं काही म्हणतेय."

मला चार पावलं पुढे जाऊन त्यांच्या बाहीला हात घालता आला असता. "दादा" अशी एक हाक मारता आली असती. मी झाडाला सांगितलं. मला खरंच त्यांना कळवायचं होतं, की नुसतं सांगितलं एवढं व्हायला हवं होतं? ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शिकंज्यात चेंगरलेलं बोट ठणकत होतं. ह्याहून पुढे मला सांगता येत नाही.

पेट्रोलचा वास मला सगळ्यांच्या आधी आला. मग नाकाच्या खालून एक निळी जीभ बाहेर आली, आत गेली, आणि धप्प असा आवाज झाला. ज्वाळा पिवळ्या झाल्या. ह्यांनी इंजिन बंद केलं, पण टाकीतून येणारं पेट्रोल तोडायचा कॉक बंद केला नाही. घाबरले होते, पट्टा सुटत नव्हता. पंखा थांबला आणि मग ह्यांचं ओरडणं ऐकू आलं. आगीच्या भिंतीत एक भोक अजून बुजवलेलं नव्हतं, त्यात नुसता चिंध्यांचा बोळा होता. आग त्यातून आत शिरली, सरळ पायांवर.

लोक मागे पळाले. दीर ओंजळीने माती फेकत होते. मी कुठल्या बाजूने धावले ते आठवत नाही. कॉक कुठे आहे हे तिथे दोनच माणसांना माहीत होतं आणि त्यातलं एक जळत होतं. मी पंखावर चढले, ह्यांच्या मांड्यांवरून आडवा हात घातला, डाव्या हाताने भिंतीखालचा कॉक चाचपला आणि फिरवला. ह्यांनी माझे केस धरले होते. मला वाटतं वर चढायला काहीतरी धरायचं म्हणून धरले असतील. तेवढ्या वेळातही त्यांच्या मुठीने माझं डोकं फळीवर दोनदा आपटलं. पेट्रोल तुटलं तशी आग बसली. दिरांनी पट्टा कापून त्यांना बाहेर ओढलं. दोन्ही नडग्यांची कातडी पँटला चिकटून गेली होती. माझा पदर जळला होता आणि डावा हात कोपरापर्यंत लाल झाला होता.

ह्यांना खाटेवर घालून दवाखान्यात नेताना ते शुद्धीवर होते. गल्लीतले सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "हिनं बांधलेली तार. हिनं मुद्दाम सोडली."

त्या दुपारी सासूबाईंनी मला चुलीतल्या लाकडाने मारलं. त्यांनी आधी कधी हात उचलला नव्हता. "खाल्लंस गो माझ्या लेकाला, खाल्लंस!" म्हणत मारत होत्या आणि रडत होत्या. मी भाजलेला हात पोटाशी धरून बसले. मी बांधली नाही, असं मी म्हणाले की नाही ते आठवत नाही. म्हणाले असेन तर जमिनीला म्हणाले असेन.

तीन महिने हे दवाखान्यात होते. तेवढ्यात सगळ्या व्हाकोआत, देवळातल्या बायकांत, बों अक्योयला माझ्या माहेरीसुद्धा पोचलं की मी नवऱ्याला जाळायला निघाले होते. माझा बाप भेटायला आला, अंगणात उभा राहिला, पाणीही न घेता गेला.

हे काठी टेकत घरी आले. महिनाभर खाटेवर पडून होते. मग शेडमधून ठोकाठोकी ऐकू येऊ लागली. इंजिन वाचलं होतं. नाक नव्याने बांधलं, भिंतीचं ते भोक बुजवलं, नळी बदलली. पत्रेवाला आला होता, पण माझ्याशी बोलला नाही.

एका रविवारी सकाळी मी तांदूळ निवडत होते. दीर ओसरीवर बसले होते. हे आत आले आणि तारेचं नवं भेंडोळं माझ्या सुपात टाकलं.

"बोट सरळ झालं ना? चल, बांध."

मी भेंडोळ्याकडे पाहत राहिले. गावभर ज्याने माझी तार सुटली म्हणून सांगितलं, तो माझ्याकडेच तार घेऊन आला होता. म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तो नट कुणाचा, पीळ कुणाचा, सगळं ठाऊक होतं. मला राग आला असं नाही. एकदम हलकं वाटलं.

"नाही," मी म्हटलं.

आपण नीट ऐकलं नाही असं त्यांना वाटलं असावं. "काय?"

"मी नाही बांधणार."

काठी पहिल्यांदा खांद्यावर बसली. मग पाठीवर. तांदूळ घरभर झाले. "बांधणार नाही? बांधणार नाहीस?" सासूबाई मधे पडल्या नाहीत. मी उठले नाही आणि तारेला हात लावला नाही. काठी मोडली तेव्हा ते धापा टाकत दिरांना म्हणाले, "दादा, तूच सांग तिला. तुझं ऐकेल."

दीर दारात आले होते. ते चौकटीकडे पाहत म्हणाले, "धाकटीला विचारा, का नको म्हणते."

मी पदर पुढे घेतला नाही. तोंडात रक्त होतं, म्हणून बोलणं जरा बोबडं आलं असेल. मी सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"दादा, वाटीचा नट ह्यांनी बांधला होता. मागे फिरवून. तुम्ही पंखा ओढायच्या आधी मी सांगितलं होतं, पण तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगते. ज्यांना उडायचंय त्यांनी आपलं आपण बांधावं. मी बांधलेलं सुटणार नाही, हे ह्यांना माहीत आहे. म्हणूनच मी बांधणार नाही."

माझं एवढं लांब बोलणं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. दिरांनी चौकटीवरचा हात काढला, ह्यांच्या हातातला काठीचा तुकडा घेतला आणि बाहेर नेऊन टाकला. मग ह्यांना म्हणाले, "चल. मी आरसा धरतो. तू बांध."

हे जेवढा हात पोचेल तेवढं बांधत बसले. आठ-दहा दिवस लागले. रोज सालं निघालेले हात घेऊन जेवायला बसत. त्या दिवसांत मी आणखी दोनदा मार खाल्ला, आणि दोन्ही वेळा सुटायला एक तार पिळून दिली असती तर पुरलं असतं. मी दिली नाही. शेवटी, पंजा न पोचणारे आतले बोल्ट बिनतारेचेच ठेवून, नाक बंद झालं, पत्रा चढला. विमान परत आंब्याखाली आलं, शेपटाला दोर बांधला. ह्या वेळी कुणी जमलं नव्हतं. इंजिन चांगलं चाललं, काही गळलं नाही, काही पेटलं नाही.

दिरांनी विचारलं, "पुढच्या रविवारी मैदानावर न्यायचं?"

"बघू," हे म्हणाले.

त्यानंतर कित्येक रविवार हे कोट घालून आत बसत, दीर पंखा ओढत, इंजिन धडाडत राही. स्वयंपाकघरातली भांडी फळीवर हलत. विमान दोराला ताण देऊन पुढे ओढत असे, आंब्याच्या खोडाची साल दोराने निघाली होती. हे दोन्ही हातांनी दांडा धरून समोर पाहत बसलेले असत. टाकी संपली की इंजिन आपोआप बंद पडे. मग ते उतरून जेवायला येत. दोर सोड, असं त्यांनी दिरांना एकदाही म्हटलं नाही.